गच्चीवरचा सूर्य आणि त्याची पारख

रथसप्तमीला तुळशीपुढे गोवऱ्या पेटवून दूध उतू जाऊ द्यावे, पाटावर सूर्याचा रथ रेखावा आणि पूर्वेकडे तोंड करून हात जोडावेत, ही रीत माळव्यात, गुजरातेत, हैदराबादेत नांदणाऱ्या आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. त्याच सूर्यनारायणाचा संबंध आता दरमहा येणाऱ्या वीजबिलाशीही जुळला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजना’ सुरू केली आणि एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसविण्याचे उद्दिष्ट ठेवले. तेव्हापासून गल्लोगल्ली विक्रेत्यांची ये-जा वाढली असून, वाचकांच्या पत्रांतूनही एकच प्रश्न पुनःपुन्हा डोकावू लागला आहे: कोणत्या कंपनीचे पॅनेल घ्यावे?

प्रश्न रास्त आहे. पण आमच्या नम्र मते तो पहिला नव्हे, चौथा किंवा पाचवा आहे. नामांकित उत्पादकांच्या समान प्रतीच्या दोन पॅनेलांत जो भेद असतो, तो शेकडा दोन-चार टक्क्यांचा. उलट, चुकीच्या जागी, सावलीत किंवा गरजेहून भलत्याच आकाराचा संच बसविला, तर होणारे नुकसान त्याच्या कितीतरी पट असते. स्थळ पाहताना केवळ छायाचित्र पाहून कोणी होकार देत नाही. घर, माणसे, चालरीत आधी पाहिली जाते. तद्वत येथेही आधी घर पाहावे, मग पॅनेल. पंचवीस वर्षांची सोयरीक आहे ही. घाई करून चालणार नाही.

प्रथम आकाराचा विचार करू. एक किलोवॉट क्षमतेचा संच आपल्या प्रदेशांत वर्षाची सरासरी धरता दिवसाला सुमारे चार युनिटे वीज देतो. उन्हाळ्यात थोडी अधिक, आषाढ-श्रावणात बरीच कमी. तेव्हा मागील बारा महिन्यांची वीजबिले पुढ्यात घ्यावीत, युनिटांची बेरीज करावी आणि तिला ३६५ ने भागावे. जो आकडा येईल त्याला चारने भागले की घराची गरज किलोवॉटमध्ये मिळते. एवढे त्रैराशिक इयत्ता सातवीचा मुलगाही करील. केवळ मे महिन्याचे बिल दाखवून जो संचाचा आकार ठरवितो, तो आपली गरज मोजत नसून आपली विक्री मोजतो.

ग्वाल्हेरच्या एका निवृत्त वाचकांचे पत्र या संदर्भात विचार करण्याजोगे आहे. घरात पती-पत्नी दोघेच. मुलगा नोकरीनिमित्त परगावी. महिन्याला सरासरी ११० युनिटे खर्ची पडतात. विक्रेता मात्र पाच किलोवॉटचा आग्रह धरून बसला आहे, आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेची ठेव मोडावी की काय, या विवंचनेत ते आहेत. आम्ही त्यांना कळविले ते असे. ११० युनिटे म्हणजे दिवसाला पावणेचार. एक किलोवॉट त्यांना पुरेसा आहे. पाच किलोवॉटच्या संचातून महिन्याला सहाशेच्या घरात युनिटे निघतील. उरलेली वीज तारेतून वितरण कंपनीकडे जाईल, आणि वर्षअखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटांना बहुधा आपण देतो त्याहून पुष्कळच कमी दर मिळेल. शिवाय अनुदानाचे गणितही पाहावे. या योजनेत पहिल्या दोन किलोवॉटांस प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यास १८,००० रुपये, असे मिळून जास्तीत जास्त ७८,००० रुपये ठरविलेले आहेत. तीन किलोवॉटपुढचा प्रत्येक रुपया आपल्याच खिशातून जातो. आयुष्याच्या उत्तरार्धात हाताशी असलेली ठेव ही औषधपाण्याची आणि अडीअडचणीची शिदोरी होय. ती शेजाऱ्याच्या गच्चीकडे पाहून मोडू नये. ज्या घराला थोड्या वापरामुळे सवलतीच्या दराने वीज मिळते, त्याने तर सौर संच न बसविणे हाही एक शहाणा निर्णय ठरू शकतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

याउलट पाच-सहा माणसांचे, महिन्याला ३५० युनिटे वापरणारे घर घ्या. त्यास तीन किलोवॉटचा संच शोभतो. त्याचा खर्च साधारण दीड ते दोन लाख रुपये. अनुदान वजा जाता लाखाच्या आसपास रक्कम उरते. वर्षाला चार हजार युनिटे आणि युनिटास सात रुपये दर धरला, तर सालिना २८,००० रुपये वाचतात. म्हणजे चार वर्षांच्या आतबाहेर भांडवल वसूल होते. हिशेब असा आपल्या बिलावरून, आपल्या दराने करावा. विक्रेत्याच्या रंगीत पत्रकावरून नव्हे.

दुसरा प्रश्न सावलीचा, आणि आमच्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. पॅनेलमधील सिलिकॉनच्या चकत्या एकामागोमाग एक अशा माळेत जोडलेल्या असतात. शाळेच्या प्रभातफेरीत सगळी रांग सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाच्या गतीने पुढे सरकते, तशीच येथे स्थिती असते. एका चकतीवर टाकीची किंवा अँटेनाच्या दांड्याची सावली पडली, तर तिच्यासोबतच्या चकत्यांचाही प्रवाह अडतो. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक पॅनेलमध्ये बहुधा तीन डायोड बसविलेले असतात. ते सावलीतला भाग वगळून प्रवाहाला वळसा देतात. तरीही तेवढा तृतीयांश भाग वाया जातोच.

आता यात एक ग्यानबाची मेख आहे. विक्रेता गच्ची पाहावयास येतो तो बहुधा उन्हाळ्यात, जेव्हा बिलाच्या आकड्याने आपण घाबरलेले असतो. इंदूर व उज्जैन ही शहरे कर्कवृत्ताच्या अगदी लगत आहेत. जूनच्या २१ तारखेस तेथे मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सावली पायाशी गोळा होते. अशा वेळी गच्ची लख्ख, निष्कंटक दिसते. परंतु दक्षिणायनाच्या अखेरीस, म्हणजे २२ डिसेंबरच्या सुमारास, तोच सूर्य दक्षिणेकडे इतका कलतो की भर मध्यान्हीही दहा फूट उंचीच्या टाकीची सावली इंदूर-वडोदऱ्यास सव्वादहा फुटांपलीकडे, ग्वाल्हेरीस पावणेबारा फुटांपर्यंत, हैदराबादेस साडेआठ फुटांहून थोडी अधिक, तर बेळगाव-पणजीस आठ फुटांच्या आसपास उत्तरेकडे पसरते. सकाळी नऊच्या सुमारास तर इंदुरात ती दुप्पट लांब होते. आमच्या शाळेत मुले दर डिसेंबरात मैदानात काठी रोवून तिची सावली मोजतात. तोच प्रयोग वाचकांनी आपल्या गच्चीवर करावा. खडूने सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजताच्या सावल्यांच्या कडा आखाव्यात. जेथे खडूची रेघ पोहोचली नाही, ती जागा पॅनेलांची. थंडीपर्यंत थांबणे शक्य नसेल, तर वर दिलेल्या मापांवरून अंदाज बांधावा. दक्षिणेकडे शेजाऱ्याची मोकळी जागा असेल, तर तेथे उद्या तीन मजले चढू शकतात, हेही ध्यानी असू द्यावे.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. अंगणात आजोबांनी लावलेला आंबा किंवा कडुनिंब असतो, त्याची सावली गच्चीच्या कोपऱ्यावर येते, आणि ‘झाड तोडा, म्हणजे दोन पॅनेले जास्त बसतील’ असा सल्ला दिला जातो. तो मानू नये. झाड घराला जो गारवा देते, त्यासाठी नंतर पंखे आणि कूलर चालवावे लागतील. एखादे पॅनेल कमी बसवावे किंवा प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र लहान इन्व्हर्टर जोडण्याची सोय विचारावी. त्यास खर्च अधिक येतो. पण एका पॅनेलवरील सावलीची शिक्षा मग बाकीच्यांना भोगावी लागत नाही.

आता पॅनेलांच्या जातींकडे वळू. सिलिकॉनपासून वीज मिळविण्याचा व्यवहार्य मार्ग अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली सापडला. तेव्हा पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा सहा भागाचीच वीज होत असे. आज बाजारात मिळणारी ‘मोनो पर्क’ जातीची पॅनेले शेकडा वीस-एकवीस, तर ‘टॉपकॉन’ नावाची नवी जात बावीस-तेवीसच्या घरात पोहोचली आहे. निळसर, ठिपकेदार दिसणारी ‘पॉली’ जात सोळा-सतरावरच थांबते आणि जागा अधिक खाते. कोणी ती फार स्वस्त म्हणून पुढे केली, तर जुना माल काढून टाकण्याचा हा प्रकार नाही ना, असे विचारावे. माळव्यात आपण ऐकतोच की महागडे एकदा रडविते, स्वस्त वारंवार.

पॅनेलच्या पाठीमागे एक पत्रक चिकटविलेले असते. त्यावरचा ५४० वॉट हा आकडा प्रयोगशाळेतला असतो: प्रत्येक चौरस मीटरवर १००० वॉट प्रकाश आणि चकतीचे तापमान २५ अंश. वैशाख वणव्यात आपल्या गच्चीवर चकती ६५ अंशांपर्यंत तापते. म्हणून ‘तापमान गुणांक’ नावाचा आकडा अवश्य पाहावा. तो बहुधा पॅनेलच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. मोनो पर्क पॅनेलात तो दर अंशास सुमारे ०.३५ टक्के घट असा असतो. चाळीस अंशांच्या वाढीस चौदा टक्के घट झाली, म्हणजे ५४० चे ४६४ वॉट उरले. टॉपकॉनमध्ये हा गुणांक ०.३० च्या आसपास असल्याने ४७५ उरतात. पॅनेलमागे अकरा वॉट, सहा पॅनेलांमागे सहासष्ट. ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबादच्या उन्हाळ्यात हा लाभ खराच. पण त्यासाठी किती जादा दाम मागितला जातो, हे ताडून पाहूनच निवड करावी. पॅनेल आणि गच्ची यांमध्ये हवा खेळती राहील एवढे अंतर ठेवणे, हाही उष्णतेवरचा उतारा आहे, आणि तो फुकट आहे.

दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणारी ‘बायफेशियल’ पॅनेलेही आता सर्रास मिळतात. त्यांचा लाभ पॅनेले उंचावर असली आणि खालची फरशी पांढरी असली तरच मिळतो. गंजक्या पत्र्याला चिकटवून बसविली, तर मागची बाजू अंधारातच राहणार. काचेच्या दोन थरांमुळे त्यांचे वजनही अधिक असते. जुन्या वाड्याचे धाबे वा कौलारू छप्पर असेल, तर ते वजन वासे पेलतील काय, हे जाणकार गवंड्यास किंवा अभियंत्यास दाखवून घ्यावे. गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्यांनी खाऱ्या हवेची चाचणी उत्तीर्ण झालेली पॅनेलेच मागावीत आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचेच असावेत असा आग्रह धरावा. एरवी पॅनेल शाबूत आणि त्याचे पाय गंजलेले, अशी अवस्था व्हायची.

हमीच्या बाबतीत दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत केली जाते. एक हमी वस्तूची: काच फुटली, आत पाणी शिरले, जोड निकामी झाला, तर बदलून देण्याची. ही बहुधा दहा-बारा वर्षांची असते. दुसरी हमी उत्पादनाची: पंचवीस वर्षांनंतरही पॅनेल मूळच्या शेकडा ८० ते ८५ भाग वीज देईल, अशी. ‘पंचवीस वर्षांची गॅरंटी’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा त्यांपैकी कोणती, हे विचारावे आणि लेखी घ्यावे. इन्व्हर्टरची हमी याहून लहान असते. पंचवीस वर्षांत तो एकदा तरी बदलावा लागेल, असे समजूनच तजवीज ठेवावी.

पॅनेले ज्या सांगाड्यावर उभी राहतात, त्याकडे तर कोणी पाहतच नाही. तो जस्ताचा पक्का मुलामा दिलेल्या लोखंडाचा असावा, वादळी वाऱ्यास तोंड देईल असा असावा आणि त्याचे तोंड दक्षिणेकडे असावे. कल साधारण गावाच्या अक्षांशाइतका ठेवावा. इंदूर-वडोदऱ्यास बावीस-तेवीस, ग्वाल्हेरीस सव्वीस, बेळगावास सोळा अंश. स्लॅबला भोके पाडण्याऐवजी काँक्रीटचे ठोकळे करवून घ्यावेत, नाही तर वरून वीज आणि खालून गळती, असा दुहेरी लाभ पदरी पडेल. आणि घरातील स्त्रियांचा सल्ला घेतल्यावाचून नकाशा कायम करू नये. चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, सांडगे वाळतात ते याच गच्चीवर. वडोदऱ्यास उत्तरायणाचे पतंग उडतात तेही येथूनच. सात-आठ फूट उंच खांबांवर सांगाडा उभारला, तर खर्च वाढतो, पण खालची जागा वापरात राहते. कोणते सोयीचे, हे ती जागा वापरणाऱ्यांनाच ठाऊक असते. बसविताना पॅनेलांवर पाय देऊन चालू देऊ नये. आतल्या चकत्यांना जे तडे जातात ते डोळ्यांना दिसत नाहीत, बिलात दिसतात.

एक गैरसमज मात्र दूर केलाच पाहिजे. गावची वीज गेली की विनाबॅटरीचा साधा सौर संचही बंद पडतो, मग बाहेर कितीही लख्ख ऊन असो. खांबावर दुरुस्तीस चढलेल्या वायरमनला आपल्या गच्चीवरून जाणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून ही योजना मुद्दाम केलेली असते. ज्या गावांत वीज वारंवार जाते, तेथील लोकांनी बॅटरीसह संचाची चौकशी करावी, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते हा खर्चही हिशेबात धरावा. अर्थिंग आणि वीजरोधक यांत मात्र काटकसर नको. पॅनेलांच्या बाजूचे, घरच्या विजेच्या बाजूचे आणि वीजरोधकाचे, असे तीन निरनिराळे अर्थिंग असावेत.

आता शेवटची, आणि आपल्या जुन्या घरांना सर्वांत जास्त अडविणारी बाब: कागदपत्रे. कित्येक वाड्यांत वीजबिल अद्याप आजोबांच्या नावे येते. आजोबा स्वर्गवासी होऊन तीस वर्षे लोटली तरी बिल नेमाने भरले जात असल्याने कोणास काही वाटत नाही. परंतु अर्ज ज्याच्या नावे वीजजोडणी आहे त्याच्याच नावे होतो आणि अनुदानही त्याच्याच बँक खात्यात जमा होते. म्हणून विक्रेत्यास बोलाविण्याआधी जोडणीवरचे नाव बदलून घ्यावे. गच्ची भावाभावांत सामाईक असेल, तर संमतिपत्र लेखी असावे. आज तोंडी दिलेला होकार पुतण्यांच्या पिढीस बांधील राहत नाही, आणि दोन पॅनेलांपायी दोन घरांचे बोलणे बंद व्हावे, यापरते दुर्दैव ते कोणते?

अनुदान आधी वजा होत नाही. संच बसून, तपासणी होऊन, नवा मीटर लागल्यावर ते खात्यात येते; तोवर पूर्ण रकमेची सोय आपण करावयाची असते. अनुदानासाठी चकत्या आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेली असावी लागतात आणि विक्रेता योजनेत नोंदलेला असावा लागतो. पाच वर्षांची देखभाल त्याच्याच गळ्यात असते. ती करारात लिहून घ्यावी. आणि ‘मुफ्त’ या शब्दाने हुरळून जाऊ नये. बिलातील स्थिर आकार बहुतेक ठिकाणी भरावाच लागतो.

मागाहूनची सेवा म्हणाल तर ती अल्प आहे. आठ-पंधरा दिवसांनी, ऊन चढण्याआधी, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पॅनेले पुसावीत. तापलेल्या काचेवर दुपारी थंड पाणी ओतू नये. बोरिंगचे जड पाणी वापरले तर पांढरे डाग राहतात. महिन्यातून एकदा मीटरवरील युनिटे वहीत टिपावीत; गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याहून आकडा पुष्कळ घसरला, तर काहीतरी बिघडले असे समजावे.

‘आमचे आता किती दिवस उरले, आमच्यानंतर हे कोण पाहणार?’ असे अनेक वडीलधारी मंडळी विचारतात. त्यांच्यासाठी आमची एकच सूचना आहे. एक जाड पुठ्ठ्याची फाइल करावी. तीत पॅनेलांचे क्रमांक, दोन्ही हमीपत्रे, करार, पावत्या, भावांचे संमतिपत्र आणि युनिटांची वही ठेवावी, आणि तिची जागा मुलाला, सुनेला, नातवाला दाखवून ठेवावी. घराच्या खरेदीखताशेजारी ती फाइल असली, म्हणजे पुढच्या पिढीला छपरावरचे हे देणे कोणाकडून, कोणत्या अटींवर घेतले होते, हे शोधत बसावे लागणार नाही.